सिस्टरची दोन वाक्यं

मला अजून राग येतो. पण कुणाला सांगायला गेलं की समोरचा हसतो, कारण हा राग कॉमिक्समधल्या एका नर्सवरून आहे. तेव्हा इथे नीट सांगून बघते.

नव्वदीच्या दशकात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका दुकानात कॉमिक्स भाड्यानं मिळायची. हिंदीतली, मळकी, कोपरे झिजलेली. त्यातल्या एका मालिकेत उडणारा हिरो होता. अंगाला घट्ट राखाडी पोशाख, पायात गुडघ्यापर्यंत बूट. त्याचं नाव लिहीत नाही. गल्लीत सगळे त्याला ‘उडणारा’च म्हणायचे. त्यानं एखाद्या राक्षसाला उचलून इमारतीवर आपटलं की पुढच्या पानावर दवाखाना यायचा, आणि दवाखान्यात एक नर्स. तिला वाक्य एकच, ‘डॉक्टरसाहब, इसे होश आ गया!’ प्रत्येक अंकात तेच. चेहरा मात्र दर वेळी वेगळा काढलेला. चित्रकाराला ती आठवतही नसावी.

मी तिच्यावर गोष्टी लिहायला लागले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. तास समजला नाही की बाकावरच्या शेजारणीला विचारायचीही भीती वाटायची. मग वहीचं मागचं पान उघडून त्या नर्सवर, माझ्या सिस्टरवर, लिहायची. दुसऱ्यानं केलेलं पात्र असं घ्यावं की नाही, ते मला माहीत नव्हतं. पण ती तिथे नुसती उभी होती, तिला कुणी विचारत नव्हतं, म्हणून घेतली. तिला मी गारगोटीकडची केली. दुखणारी टाच दिली, चिडका स्वभाव दिला. एका गोष्टीत उडणारा गगनबावड्याच्या धुक्यात वाट चुकतो आणि भिजून तिच्या वॉर्डात येतो. ती त्याला चहा देत नाही. आधी फरशी पुसायला लावते.

तिचं बोलणं मात्र मी मनानं केलेलं नव्हतं. वडील लाकडाच्या वखारीत आरा मशीनवर होते. एकदा त्यांचं बोट गेलं, तेव्हा सरकारी दवाखान्यात मी त्यांच्याजवळ बसले होते. वखारीचे मालक भेटायला आले. मालक आले की आमच्या घरी सगळे उभे राहायचे. तिथल्या सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, “ओ पावणं, चपला भाईर काडा.” आणि मालक मागे वळले, चपला काढून आले. वडील हातातली कळ विसरून बघत राहिले. ते वाक्य मी माझ्या सिस्टरला दिलं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना गल्लीतल्या मंडळानं गणपतीत सजीव देखावा करायचं ठरवलं. सजीव देखाव्यात माणसं उभी राहून नाटक करतात, पण बोलत नाहीत. सगळे संवाद आधी स्टुडिओत कॅसेटवर भरून आणतात. मंडपात कॅसेट लागते आणि पोरं तिच्यावर नुसते ओठ हलवतात. मंडळाचे अध्यक्ष आमच्या घरी आले.

“तुमची पोरगी त्या उडणाऱ्यावर लिवती म्हनं. बारक्या पोरांत लई चालंल. दे की आमाला एक लिवून.”

आई म्हणाली, “तिला कुठलं जमतंय?”

“कॉलेजात शिकती, न जमाय काय झालं?”

मला इतका आनंद झाला की अभ्यास सोडून मी लिहीत बसले. आधी लढाई, मंडळाला हवी तेवढी. मग दवाखाना. उडणारा ऐटीत आत येतो. सिस्टर म्हणते, “चपला भाईर काडा, पावणं.” तो गोंधळून बूट काढतो. मग ती विचारते, “तू पाडलेल्या भिंतीखाली कोन हुतं, बघितलंस का?” तो तिच्याबरोबर स्ट्रेचर उचलतो. बस, इतकंच. बाकी सगळी लढाई मी या दोन वाक्यांसाठी लिहिली होती. अध्यक्षांनी वाचून मान डोलावली. “एक नंबर,” म्हणाले. सिस्टरचं काम मलाच करायला सांगितलं.

रेकॉर्डिंगला मला नेलं नाही. “तितं पोरींचं काय काम हाय?” अध्यक्ष म्हणाले. बोलायला हवं होतं की नाही, तेही तेव्हा कळलं नाही.

तालमीला पहिल्यांदा कॅसेट लागली. लढाई झाली, ढगांचा गडगडाट झाला. मग एका बाईचा गोड, पाझरणारा आवाज आला, “धन्यवाद, महावीर! तुम्ही नसता, तर आम्हा अबलांचं काय झालं असतं!” पुढे शंख, आणि उडणारा गणपतीची आरती करतो.

मला वाटलं, चुकून दुसऱ्याच मंडळाची कॅसेट आणली.

“दादा, हे मी लिहिलेलं नाही.”

“आगं तुजंच हाय की! जरा आकूड केलंय. शेवट भक्तिभावाचा पायजे.”

“सिस्टर धन्यवाद म्हणत नाही. ती त्याला विचारते.”

“नर्स हिरोला वरडती व्हय? लोकं काय म्हनतील! त्यो हिरो हाय. तिनं हात जोडायचं आन् बाजूला व्हायचं. तुजं नाव फलकावर लिवलंय बघ, लेखिका म्हनून. आनि काय पायजे तुला?”

पोरं हसली. उडणाऱ्याचं काम करणारा अध्यक्षांचा भाचाही हसला. तो कागलच्या एमआयडीसीत कामाला होता, व्यायामाचं अंग होतं, म्हणून त्याला घेतला होता. मी म्हणाले, “मग मी करत न्हाय. घरी जातो.” पण घरी आई म्हणाली की गल्लीत राहायचंय आपल्याला, वर्गणी घेऊन उद्या तीच माणसं दारात येणार. मी परत गेले. त्याचाही राग आहे.

पहिल्या दिवशी मी हात जोडून, पांढऱ्या साडीत उभी राहिले, आणि घासून गुळगुळीत झालेलं ते वाक्य माझ्या तोंडावर येऊन बसलं. मी ओठ हलवले. माझ्या सिस्टरच्या तोंडून, माझ्याच तोंडानं. खाली बसलेली बायामाणसं टाळ्या वाजवत होती. प्रयोग संपला की कॅसेट उलटी फिरवायची आणि पुन्हा तेच. दुसऱ्या प्रयोगाला मी ओठ मिटूनच ठेवले. आवाज आला आणि नर्स गप्प. पण कुणाला काही वाटलं नाही. एक जण नुसता म्हणाला, “टेप पुढं गेलीया वाटतं.”

मग आरती सुरू झाली, आणि पुढे बसलेल्या एका म्हातारीचा आवाज मंडपभर घुमला.

“आगं बया! पायतान घालून आरती करतंय की ह्ये!”

पहिल्या प्रयोगाला कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आता सगळ्यांचं लक्ष उडणाऱ्याच्या पायांकडे गेलं. मंडपाच्या दारात चपलांचा ढीग होता, आत प्रत्येक माणूस अनवाणी, आणि मूर्तीसमोर तबक घेऊन तो एकटा गुडघ्यापर्यंतच्या बुटांत. बूट शिंप्यानं पोशाखालाच शिवलेले होते. ते निघण्यासारखे नव्हतेच. माझ्या संहितेत तो बूट काढत होता. ते वाक्य कापलं, आणि आपण काय कापलं हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

“देवाम्होरं बूट?”

“अध्यक्ष, ह्ये काय लावलंय?”

“बंद करा त्यो देकावा!”

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी बूट उसवून आणले. अनवाणी हिरो पोरांना चालणार नव्हता, आणि कॅसेटवर बूट काढायला जागा नव्हती. मध्येच हिरो खाली बसून बूट काढायला लागला तर लोक हसणार. पुन्हा रेकॉर्डिंग करायला वेळ नव्हता. संध्याकाळी अध्यक्ष माझ्याकडे आले. तालमीतला आवाज आता नव्हता.

“तुजं ते चपलांचं वाक्य हुतं न्हवं? टेप थांबवतो. तू माईकवर तेवडं म्हन. मग टेप चालू करू.”

“दोन्ही वाक्यं म्हणू?”

“चपलांचं तेवडं. शानी हाईस, कळतंय तुला.”

लढाई झाली. गडगडाट झाला. कट्ट असा आवाज होऊन कॅसेट थांबली, आणि मंडपात एकदम बाहेरच्या रस्त्याचे आवाज ऐकू यायला लागले. माईक तोंडाला लागून खरखरला.

“ओ पावणं,” मी म्हणाले, “चपला भाईर काडा.”

मंडप हसला. मोठ्यानं, खूश होऊन हसला. म्हातारी ओरडली, “आस्सं!” भाचा खाली बसून बूट ओढायला लागला. एक निघाला, दुसरा अडकला, लोक आणखी हसले. अध्यक्षांनी टेपवाल्याला खूण केली. मी माईक सोडला नाही.

“तू पाडलेल्या भिंतीखाली कोन हुतं,” मी म्हणाले, “बघितलंस का?”

आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा फार मोठा आला. तो सिस्टरचा नव्हता, माझाच होता, चिरका आणि चिडलेला. कॅसेट बंद होती. भाच्याच्या तोंडात घालायला कुणाचा आवाज नव्हता. एक पाय बुटात, एक बाहेर, असा तो माझ्याकडे बघत राहिला. माझ्या हातातला माईक त्याच्या समोर होता.

“न्हाय,” तो म्हणाला. “बघितलं न्हाय.”

कुणी हसलं नाही. बायकांच्या बाजूनं कुणीतरी “च्च” केलं. तेवढ्यात कॅसेट सुरू झाली आणि गोड आवाजातली बाई महावीराला धन्यवाद द्यायला लागली. मी हात जोडले नाहीत. माईक खाली ठेवला आणि तशीच उभी राहिले.

पुढच्या प्रयोगापासून चपलांचं वाक्य झालं की टेपवाला माझ्या हातातून माईक काढून घ्यायचा. ते वाक्य गल्लीत इतकं चाललं की लहान पोरं येता-जाता एकमेकांना म्हणायची. अध्यक्ष येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, “लोकांस्नी हसवायचं म्हनून मुद्दाम घातलंय.” दुसरं वाक्य कुणालाच आठवत नव्हतं. मी विचारून पाहिलं. “कुटलं गं?” म्हणायचे.

विसर्जन झाल्यावर मंडपाचे बांबू सोडत होते, तेव्हा भाचा सायकल थांबवून म्हणाला, “त्या दिवशी मी चुकीचं बोललो काय गं? मला संवाद दिला न्हवता.”

“नाही,” मी म्हणाले. “बरोबर बोललास.”

“मग पुडं काय हुतं? तुज्या गोष्टीत?”

“पुढे तो स्ट्रेचर उचलतो.”

त्यानं थोडा विचार केला. “ते केलं आस्तं मी,” म्हणाला, आणि गेला.