न चाखता केलेला उपमा

बायकोच्या कॅन्सरच्या औषधाचा तिसरा डोस झाल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "भाईसाहब, वज़न दो किलो और गिरा तो अगली डोज़ रोकनी पड़ेगी." डोस थांबला तर पुढे काय, ते विचारायची माझी छाती झाली नाही. एवढंच कळलं की तिच्या पोटात चार घास गेलेच पाहिजेत. आणि ते रांधणार कोण? तर मी, कचेरीतून निवृत्त झालेला बाबू. मला चहाखेरीज काही येत नव्हतं, आणि तोही ही नाकं मुरडत प्यायची.

कसाबसा शिकलेला वरणभात समोर नेला की ती तोंड फिरवायची. म्हणायची, "वाससुद्धा नको." म्हणून नवीन काहीतरी करून बघायचं ठरवलं. नोकरीसाठी लांब असलेल्या मुलीनं मोबाइलवर व्हिडिओ पाठवायचा सपाटा लावला. मी झाशीच्या सीपरी बाजारातून ओट्स, मखाणे, कोवळी लौकी म्हणजे आपला दुधी, घेऊन आलो. मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवून उभा केला आणि चष्मा कपाळावर चढवून कामाला लागलो.

व्हिडिओतली बाई गोड बोलायची, पण मिठापाशी आली की एकच पालुपद. "नमक स्वादानुसार." स्वादानुसार म्हणे, डोंबल! अहो बाई, आमच्या घरात देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय पळी जिभेला लावत नाहीत. झाशीत आमच्या किती पिढ्या गेल्या ते मला धड सांगता येत नाही, आमच्या मुलीचं मराठी निम्मं हिंदीच आहे, पण हा नियम काही सुटला नाही. ही तर जन्मभर नुसत्या हाताच्या अंदाजानं मीठ घालत आली आणि कधी चुकली नाही. माझ्या हाताला कसला आलाय अंदाज!

तरी पहिला आठवडा बरा गेला. मखाण्याची खीर तिनं खाल्ली, लौकीचं सूप प्यायली. "छान झालंय हो," म्हणायची. मी फुशारून गेलो. मुलीला फोन करून सांगितलं, "तुझ्या आईपेक्षा मला बरं जमतंय." मी स्वतः मात्र सकाळचा वरणभातच दोन्ही वेळा जेवायचो. तिच्यासाठी केलेलं मोजकंच असायचं, त्यातलं आपण कशाला घ्या?

मग ओट्सचा उपमा केला. मध्येच गॅसवाला भैया सिलिंडर घेऊन आला. परत ओट्याशी आलो, तर मीठ घातलं की नाही ते आठवेना. चाखायची सोय नाही. घातलं नसणार असं धरून घातलं, वर थोडं आणखी. नैवेद्य दाखवला आणि वाटी तिच्या हातात दिली. तिनं अर्धी संपवली. "आज तर फारच छान," म्हणाली. त्या दिवशी उपमा थोडा उरला होता, म्हणून मी चमचाभर तोंडात टाकला आणि थुंकायला मोरीकडे धावलो.

परत आलो तेव्हा तिला माझ्या चेहऱ्यावरून कळलं.

"चव जाऊन किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दुसऱ्या डोसपासून. माती खाल्ली तरी तेच लागेल." मग म्हणाली, "तुम्ही एवढं हौसेनं करता, कसं सांगू?"

मला तिचा राग आला, माझाही आला. कर्म माझं! चव नाही तर ही बाई खाणार तरी कशासाठी? माझ्याकडे बघून किती दिवस ढकलणार? त्या रात्री तिनं दूधसुद्धा घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा उपमाच केला. या वेळी मी देवघराकडे पाठ केली आणि पळी सरळ तोंडात घातली. मागे वळलो तर ही दारात, भिंतीला धरून उभी. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली.

"कसं लागतंय?" तिनं विचारलं.

"बरं लागतंय."

"बरं म्हणजे काय? नीट सांगा. मला आता तुमच्याच जिभेनं जेवायचंय."

ती खुर्चीवर बसली. मी एक चमचा स्वतः खायचो, एक तिला भरवायचो आणि सांगायचो. आधी मिरची लागते, पण झोंबत नाही. मग लिंबू. आलं जरा जास्त पडलंय, घशात उरतं. दाणे थोडे करपलेत, पण ते करपलेलंच चांगलं लागतंय. मला शब्द सापडत नव्हते, घाम फुटला होता. ती डोळे मिटून चावत होती.

"चौतीस वर्षं रांधलं तुमच्यासाठी," ती डोळे न उघडता म्हणाली. "कधी एवढं बोलला नाहीत."

माझा हात तसाच राहिला.

"थांबू नका," ती म्हणाली. "अजून अर्धी वाटी आहे."