बोळाच्या तोंडापर्यंत

दम्मामला असताना मी आठवड्यातून एकदाच मनापासून केस विंचरायची, गुरुवारी. गुरुवारी संध्याकाळी हॉस्पिटलची बस आम्हा नर्सेसना बाजारात न्यायची. खिडक्यांना पडदे, दारात आमची डोकी मोजायला मेट्रनची मदतनीस, आणि स्टिअरिंगवर दापोलीकडचे एक चाचा. एरवी आमचं जग म्हणजे हॉस्पिटल ते हॉस्टेल आणि हॉस्टेल ते हॉस्पिटल. मधलं अंतर इतकं की चप्पलसुद्धा झिजायची नाही. बाईमाणसाने एकटीने गेटबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा नियम. मी रत्नागिरीजवळच्या खाडीकाठची, दिवसभर गावभर उंडारत वाढलेली. तो नियम माझ्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला होता.

खोलीत माझ्याबरोबर राहणारी थाई होती. लहान मुलांच्या वॉर्डात कामाला, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. सुरुवातीला आमचं अजिबात पटलं नाही. ती सारखी कसलीशी कापरासारख्या वासाची नळी नाकाला लावून हुंगायची, आणि भातावर माशांचं काळं पाणी ओतून खायची. मी नाक मुरडायची आणि तिला दिसेल असं मुरडायची. माझा स्वभाव मुळात तिरसट, त्यात घर लांब. मग एका दुपारी मी गावाहून आलेला सुका जवळा तव्यावर भाजला. हॉस्टेलभर बोंबाबोंब झाली, शेजारणीने धाडकन दार लावून घेतलं. ही मात्र झोपेतून उठून वासाच्या मागोमाग आली, चिमूटभर जवळा तोंडात टाकला आणि डोळे मिटून उभी राहिली. त्या दिवसापासून मी तिच्या नळीबद्दल बोलायचं सोडलं.

आमची भाषा म्हणजे हॉस्पिटलचं मोडकं इंग्लिश, चार अरबी शब्द आणि उरलेलं सगळं हातवारे. इथे मी ते सरळ मराठीत लिहिते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव जायचा.

कधीमधी बस दम्माम सोडून कतीफच्या बाजारात जायची. तिथे खजुराच्या बागा, आणि मासळीही चांगली. ती प्रत्येक माशाचे कल्ले उचलून बघायची, विकणारा वैतागायचा आणि मी तिच्या वतीने त्याच्याशी भांडायची. महिन्यातून एकदा हाफ मून बे नावाच्या किनाऱ्यावर नेत. वाळूच्या टेकड्या थेट पाण्यात उतरलेल्या. बघायला सुंदर, पण ती काठावर उभी राहून म्हणायची, "या समुद्राला वासच नाही." मलाही अगदी तेच वाटायचं. लाट नाही, गाज नाही, होडी ओढणारं कुणी नाही. दोघी बुरख्यासारखे काळे अबाये सावरत वाळूत बसायचो आणि आपापल्या समुद्राची आठवण काढायचो.

सद्दामने कुवेत घेतलं, त्यावरून लढाई सुरू झाली आणि आमच्यापुरतं पहिलं काय बंद झालं, तर ती बस.

"बाय, बाजार आता इसरा," चाचा गेटवर म्हणाले. "वाटेत भोंगा वाजला तर तुमा सगल्यांना मी कुटं लपवू?"

हॉस्टेल निम्मं रिकामं झालं होतं. गोऱ्या नर्सेस आधीच गेल्या. ज्यांचे नवरे धाहरानला तेल कंपनीत होते, त्या त्यांच्याकडे राहायला गेल्या. उरलो आम्ही, ज्यांचं त्या देशात कुणी नव्हतं. विषारी वायूच्या भीतीने खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली, दाराखाली ओला टॉवेल कोंबला, उशाशी काचेचे गॅस-मास्क ठेवले. गावी आईकडे फोन नव्हता. शेजारच्या दुकानात लावायचा तर लाइन मिळत नसे. मी मेले तर कितव्या दिवशी कळेल, हा हिशेब मी आडवी पडून करायची. ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. मला खरोखर फार भीती वाटत होती.

पहिला गुरुवार आला. बसची वेळ झाली. आम्ही दोघी खाटांवर पाय सोडून बसलो होतो आणि मी सद्दामपासून मेट्रनपर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होते, तेवढ्यात भोंगा वाजला. मास्क चढवले. लांबून दणका ऐकू आला, काचा थरथरल्या. मला मास्कचा पट्टा जमेना, तो तिनेच आवळला. मग माझा हात धरून ती मास्कच्या आतून घुमणाऱ्या आवाजात म्हणाली, "आज गुरुवार. बस नाही तर नाही. चल, माझ्या बाजारात जाऊ."

मला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

"ऊठ, आगगाडीतून उतर," ती म्हणाली. "स्टेशन लहान आहे, लाल-पिवळं. समोरच्या रस्त्याने सरळ चाल, समुद्राकडे तोंड करून. डाव्या हाताला बाजार."

आणि तिने मला नेलं. तिचं गाव थायलंडच्या किनाऱ्यावरचं. त्याचं नाव मला आजही धड उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. बाजाराच्या तोंडाशी एक म्हातारी आपल्या आप्पेपात्रासारख्या तव्यावर नारळाच्या दुधाचे गोड आप्पे करते, ते पानावर घ्यायचे, जीभ भाजली तरी थांबायचं नाही. पुढे वेताच्या छोट्या टोपल्यांत माना मोडून बसवलेले बांगडे. माना का मोडल्या, असं मी विचारलं. "टोपलीत मावत नाहीत म्हणून," ती म्हणाली, आणि मास्कच्या आत मला हसू आलं. त्या दिवशी आम्ही बांगड्यांपर्यंतच पोचलो. भोंगा थांबला, धोका टळल्याचा इशारा झाला.

त्यानंतर भोंगा वाजला की मी मास्क लावायची आणि स्वतःहून स्टेशनवर जाऊन उभी राहायची. तिचा नियम कडक होता. प्रत्येक वेळी सुरुवात स्टेशनपासून, आणि रस्ता मी सांगायचा. "डावीकडे की उजवीकडे?" चुकले की परत स्टेशन. वर्गातली मास्तरीण बरी, इतकी ती खाष्ट होती. एकदा मी आप्पे घ्यायला विसरले, तर रागावली. "उपाशी हिंडणार का?"

बाजार संपला की टेकडी. टेकडीवर देऊळ, पायऱ्यांवर माकडं. हातातली पिशवी अंगाशी धरायची आणि त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. वरून अख्खा समुद्र दिसतो, अर्धगोल, मध्ये तीन बेटं. सावकाशीने जायचं असेल तर होडीने एका गुहेकडे जाता येतं. तिचं छत पडलेलं आहे. उन्हं वर आली की वरून प्रकाशाचा झोत खाली उतरतो आणि आत वाढलेल्या झाडांवर पडतो. ती गुहा आम्ही एका लांबलेल्या भोंग्यात केली. बाहेर आकाशात काहीतरी फुटत होतं आणि मी त्या झोतात मान वर करून उभी होते. टेकडी उतरलं की किनाऱ्याने जाळीच्या चौकटींवर वाळत घातलेली माकुलं, हॉटेलवाले ज्यांना स्क्विड म्हणतात ती, कपड्यांच्या दोऱ्यांसारख्या ओळीच्या ओळी. अंधार पडला की क्षितिजावर हिरवे दिवे लागतात. माकुलं पकडणाऱ्या होड्यांचे. "समुद्रावर जणू दुसरा बाजार भरतो," ती म्हणायची. धक्क्याच्या पुढे एक बोळ. बोळाच्या तोंडाशी खांबावर बाहुलीच्या घराएवढं देवाचं घर, त्यापुढे फुलांची माळ आणि लाल सरबताची बाटली.

बोळात तिचं घर होतं. तिथे मात्र ती मला कधी घेऊन गेली नाही.

"आता घरी चल ना," मी म्हणायची.

"घर शेवटी. आधी बाकीचं नीट पाठ कर."

एकदा मी हट्टच धरला, तेव्हा तिने माझ्या मास्कचा पट्टा पुन्हा आवळला. मग म्हणाली, "घरात आई आहे. तिथे पोचले की मला रडू येईल, आणि मास्कमध्ये रडता येत नाही. काच धुरकट होते."

तिला घरी जायचं होतं, आणि तेच माझं दुखणं होतं. तिच्या देशाचं आणि सौदीचं आधीपासून बिनसलेलं होतं. थाई माणसाचा इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, संपला की नवा मिळत नव्हता, खलास. तिचा संपत आला होता. पण विमानतळ लढाईने अडवलेले, तिचा पासपोर्ट हॉस्पिटलच्या ऑफिसातल्या कपाटात. ती रोज ड्यूटीनंतर ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहायची आणि मी खोलीत तिची वाट बघायची. ती मान हलवत परत आली की तिच्यासाठी वाईट वाटायचं, आणि आतून जीव भांड्यात पडायचा. दोन्ही एकाच वेळी. ती गेली तर त्या अख्ख्या वाळवंटात मला नावाने हाक मारणारं कुणी उरणार नव्हतं. वॉर्डात मी फक्त "सिस्टर" होते.

मग कुवेतकडून धूर यायला लागला. भरदुपारी आभाळ काळवंडायचं, वाळत घातलेल्या चादरींवर काजळीचे ठिपके पडायचे. अशाच एका दुपारी मी ड्यूटीवरून आले, तर ती खोलीत उभी, बॅग बंद, चेहरा पांढराफटक. ऑफिसने अचानक कागद दिले होते. बस लगेच रियाधला निघणार, तिथून जेद्दा, तिथून मिळेल ते विमान. खाली चाचा हॉर्न वाजवत होते आणि "यल्ला, यल्ला" ओरडत होते.

तिने हुंगायची नळी माझ्या हातात कोंबली. मी राहिलेल्या जवळ्याची पुरचुंडी तिच्या पर्समध्ये. मग मी पेन शोधायला लागले. "थांब, पत्ता लिहून दे तुझा."

ती हसली. रडवेली होती तरी हसली. "पत्ता कशाला? तुला तर रस्ता पाठ आहे."

आणि मी, शहाणी, पेन खाली ठेवलं. मला तेव्हा काय वाटलं सांगू? अभिमान वाटला. परीक्षेत पहिली आल्यासारखा. पत्ता बाकीच्यांना लागतो, मला कशाला? पडदा बाजूला सारून तिने बसमधून हात केला आणि बस गेटबाहेर गेली. चाचांनीही मला हात केला. ते परत आले ते दुसऱ्या दिवशी, आणि म्हणाले, "पोचवली बाय, तुमची बहीन."

पुढचा भोंगा मी एकटीने काढला. टॉवेल कोंबला, मास्क लावला, स्टेशनवर उतरले. आप्पे घेतले. बांगडे, टेकडी, माकडं, माकुलं, धक्का. एकही वळण चुकले नाही, आणि चुकले असते तरी परत पाठवणारं कुणी नव्हतं. बोळाच्या तोंडाशी आले. देवाचं घर, माळ, लाल बाटली. आता आत जायला मला कुणाची आडकाठी नव्हती. पण आत काय आहे, ते मला ठाऊकच नव्हतं. कितवं दार, कुठल्या हाताला, काहीच नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी पत्ता घेतलेला नाही. तिचं म्हणणं खरं होतं. काच धुरकट होते.

लढाई संपली. काही दिवसांत मला जुबैलला पाठवलं. तिने दम्मामच्या हॉस्पिटलवर पत्र टाकलंही असेल. मला मिळालं नाही. ऑफिसात विचारलं तर कारकून म्हणाला, पासपोर्टबरोबर तिची फाइलही बंद. मी पुढे गावी परतले, लग्न केलं, संसार केला, नोकरी केली, निवृत्त झाले. ती नळी केव्हाच सुकली, तरी टाकवली नाही.

दोन वर्षांपूर्वी लेकीने थायलंडची सहल काढली. बाकीच्या मंडळींना समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलात लोळू दिलं आणि आम्ही दोघींनी आगगाडी धरली. स्टेशन लहान, लाल-पिवळं. लेक फोनवर नकाशा उघडायला लागली. मी म्हटलं, ठेव तो आत.

समोरचा रस्ता, समुद्राकडे तोंड. डावीकडे बाजार. तव्यामागे म्हातारी नव्हती, तरुण बाई होती, पण तवा तसाच. मी आप्पे घेतले, जीभ भाजली, थांबले नाही. बांगडे माना मोडून टोपल्यांत बसलेले. टेकडीवर लेक माकडांचे फोटो काढायला गेली, तर मी ओरडले, "त्यांच्या डोळ्यात बघू नकोस!" माकुलं वाळत होती. मध्ये काही मोठी हॉटेलं उगवली होती, त्यांना वळसा घालून मी धक्क्यावर आले.

"आई, तू इथे आधी कधी आली होतीस?" लेकीने विचारलं.

"बऱ्याचदा," मी म्हटलं.

बोळ होता. खांबावर देवाचं घर होतं, माळ ताजी होती. आत दोन्ही बाजूंना घरं, दोऱ्यांवर कपडे, एका पायरीवर झोपलेलं कुत्रं. लेकीने कोपऱ्यावरच्या दुकानदाराला फोनवर भाषांतर करून तिचं नाव दाखवलं. तो हसला. ते घरात हाक मारायचं लाडाचं नाव, म्हणाला, या बोळातच चार-पाच जणी असतील, खरं नाव सांगा. खरं नाव मी तिला कधी विचारलंच नव्हतं. हाक मारली की ती ओ द्यायची, तेवढं पुरत होतं.

पानावर उरलेले आप्पे हातात गार झाले होते. लेक बोळात डोकावली, मग माझ्याकडे वळली.

"आता कुठे जायचं, आई?"

"मला इथपर्यंतच येतं गं," मी म्हटलं.