मावसाजींचा अर्धा तास

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता टाळणार नाही. माझ्या मावसाजींएवढा रस्त्याचा तिरस्कार अख्ख्या वऱ्हाडात कोणी केला नसेल. अमरावतीला त्यांचा शेवंती-झेंडूचा मळा होता. हार ओवायचा दोरा नकाशावर ताणून ते गावोगावचं अंतर काढीत आणि विचारणाऱ्याला तेच सांगत. त्यांच्या भरवशावर नांदगाव खंडेश्वरला निघालेले एका नवरीचे मामा लग्न लागून गेल्यावर पोचले. ते भांडायला आले, तर मावसाजी म्हणाले, "अंतर बरोबरच होतं. तुमीच वाकडे गेले." स्वतः ते सासुरवाडीला सरळ रेषेत, लोकांच्या तुरीतून जात. मावशी रस्त्यानं जाई, आणि शेतमालकांशी भांडत येणाऱ्या नवऱ्याच्या आधी पोचे.

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हा एक विमानवाला लोकांना आकाशात फिरवत गावोगाव हिंडत होता. तो अमरावतीहून अकोल्याला उडणार हे कळताच मावसाजींनी फुलांच्या अडत्यांना मळ्यात बोलावलं.

"दोऱ्यानं पन्नास मैल. ताशी शंभराचा वेग. अर्ध्या तासात अकोला. दव वाळाच्या आत फुलं तिथं."

"फुलं विमानात, आन् आमी बैलबंडीत काय?" एक अडत्या म्हणाला. पण अर्धा तास खरा निघाला तर फुलांच्या टोपल्या एकदा विमानानं पाठवून पाहू, असं सर्वांनी कबूल केलं.

मी अकोल्यात मास्तर होतो. विमान उतरल्याची वेळ टिपायचं काम माझ्याकडे आलं. बडनेऱ्याच्या स्टेशनवर मावसाजींनी आणि मी घड्याळं मिळवली. "बापू, नजर हालू देऊ नको," ते म्हणाले.

विमान सातला निघणार होतं. त्या सकाळी वाटेतल्या हॉटेलात मी बुद्धिबळाच्या डावाला बसलो, आणि जिंकत होतो म्हणून उठलो नाही. मैदानावर पोचलो तेव्हा विमानाला हार घालून झाले होते. राखणदार म्हणाला, "कापसाच्या जिनाचा साडेसातचा भोंगा आन् विमान संगंच आले, मास्तर."

मावसाजींचा हिशेब अगदी मिनिटापर्यंत बरोबर होता. पण साडेसातला माझ्यासमोर डावाला बसला होता तो एका अडत्याचा मेहुणा. साडेसात लिहिलं तर बिंग फुटेल या भीतीनं मी पोचलो तीच वेळ मावसाजींना पाठवायच्या कार्डावर लिहिली: सव्वाआठ.

"सव्वा तासात दवच काय, फुलंबी वाळतीन," म्हणत अडते हसून गेले. मावसाजी कोणावर रागावले नाहीत. मावशीला एवढंच म्हणाले, "बापूनं डोयानं पायलं. दोराच खोटा." पुढं ते सगळ्यांना मैलाच्या दगडांवरून अंतर सांगू लागले. लोकांची सोय झाली. मला मात्र त्यांच्या घरी जाणं जड जाऊ लागलं.

त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी सगळं सांगायचंच ठरवून गेलो. तोंड उघडणार तोच त्यांनी विचारलं, "बापू, मी तं निंगतानीच पायलं. उतरतानी कसं दिसते रे? आंधी चाकं टेकते का शेपूट?"

"चाकं," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा खुलला. धूळ किती उडाली, पंखा कधी थांबला, एकेक विचारत राहिले, आणि मी न पाहिलेलं सांगत राहिलो. माफी मागायची राहिली.