निवृत्तीच्या दिवशीचा नकाशा

३१ जुलै, दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटे. मॅडमनी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने मसुद्यावर दोनदा टकटक केली आणि म्हणाल्या, “कमी लिही.”

किनाऱ्यालगतच्या समुद्राचे नकाशे करणाऱ्या आमच्या सरकारी खात्यात हे वाक्य सर्वांना पाठ होते. एकाच जागी खोलीचे दोन आकडे मिळाले, तर त्यांतला उथळ आकडा धरायचा. पाणी अपेक्षेपेक्षा खोल निघाले म्हणून कोणतेही जहाज अडकत नाही. मॅडमनी हा नियम दिल्लीतल्या मयूर विहारच्या आपल्या घरापर्यंत नेला होता. त्यांच्या सोसायटीचा चौकीदार उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीची वही घेऊन येई.

“मॅडमजी, आधी टंकी है.”

“तो पाव लिखो, भैया.”

त्या इमारतीत पाणी कधी संपले नाही. पाहुण्यांना मात्र अर्ध्या बादलीत आंघोळ उरकावी लागे.

नोकरीची पहिली आठ वर्षे त्यांना मोजणीच्या बोटीवर पाठवलेच नाही. “बायकांची सोय नाही,” एवढेच कारण. दिल्लीत बसून त्या इतरांनी आणलेले आकडे तपासत राहिल्या आणि त्यांत इतक्या चुका काढल्या, की त्यांना बोटीवर धाडणेच वरिष्ठांना सोयीचे वाटले. पुढे त्या स्वतः वरिष्ठ झाल्या. तरीही त्यांच्या सहीने निघालेले सारे नकाशे जुन्यांच्या सुधारित आवृत्त्या होत्या. पूर्णपणे नवा, एका लहान बंदराचा, हा पहिलाच. त्याच दिवशी त्या निवृत्त होत होत्या आणि पाच वाजता निरोप समारंभात तो प्रकाशित व्हायचा होता.

अडचण एका आकड्याची होती. बंदराच्या तोंडाशी सगळीकडे सहा मीटरहून अधिक खोली, आणि मधेच एकदा ३.२. त्यांची सहायक म्हणून मी तो गणिताने चूक ठरवून वगळला होता.

“मॅडम, खोली मोजणारी ध्वनिलहर माशांच्या थव्यावर आपटून परतली असणार. खडकाची शक्यता नगण्य आहे.”

“असेल. खडक नाही, हे दाखव.”

“त्यासाठी बोट पुन्हा पाठवावी लागेल, तीही पावसाळ्यानंतर. मग ३.२ छापून सही करा ना.”

“आणि तुझे मासेच निघाले, तर? उगाच त्या गावाची फेरीबोट बंद पाडायची? मसुद्यात ३.२ राहू दे; छापायचं ते तपासून.”

“पण आज सही झाली नाही, तर नकाशावर तुमचं नाव येणार नाही!”

“उद्यापासून सही तुझी, तुझं येईल की. अक्षर तेवढं बरं काढ.”

त्यांनी मसुद्यावर तो आकडा स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिला, पेन्सील माझ्यापुढे ठेवली आणि त्या समारंभाला गेल्या. प्रकाशनासाठी आणलेली लाल फीत लाडवांच्या डब्याला बांधून त्यांनी घरी नेली.

नोव्हेंबरात बोटीचा अहवाल आला. मी लगेच फोन केला.

“किती?”

“सहा पॉइंट चार, मॅडम. खडक नाही.”

“अच्छा, म्हणजे मासेच!” त्या मनापासून हसल्या. “तू बरोबर होतीस. आता खोड तो आकडा.”

नकाशा माझ्या सहीने निघाला. त्यावर ६.४ छापले आहे. मसुदा माझ्या कपाटात आहे; त्यावरचे मी काही खोडलेले नाही. बंदराच्या तोंडाशी, पेन्सिलीने, त्यांनी नोंदवलेला शेवटचा आकडा: ३.२.