डाव्या खांद्याची रायफल

माझ्या नवऱ्याला दुसऱ्याच्या घराचा, गाडीचा, पगाराचा हेवा वाटलेला मी कधी पाहिला नाही. लाकडाच्या गिरणीतला त्याचा मुकादम फ्लोरिडात घर घेऊन बसला, तेव्हा मर्ल म्हणाला, "बरं झालं, त्याचे गुडघे दुखायचे." पण एका रायफलीपायी, आणि तीही सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या रायफलीपायी, हा माणूस कित्येक वर्षं आतल्या आत जळत राहिला. जळणाऱ्याच्या शेजारी झोपणाऱ्याला धग लागतेच. म्हणून सांगते.

मर्ल डावखुरा. आमच्या डोंगरात डावखुरं असणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. इथे पोराला दाढी फुटायच्या आधी रायफल मिळते, आणि ती मिळते बापाची किंवा आजोबांची. ती असते उजव्या हाताची. बोल्टची, म्हणजे गोळी आत सरकवायच्या दांड्याची, मूठ उजवीकडे. एक गोळी झाडली की दुसरी आत सरकवायला मर्लला बंदुकीवरून हात पलीकडे न्यावा लागायचा, आणि रिकामं काडतूस नाकासमोरून उडायचं. शिकारीच्या पहिल्याच मोसमात त्याच्यासमोर दहा टोकांच्या शिंगांचं हरण उभं राहिलं. पहिली गोळी हुकली. मर्लचा हात दुसरीसाठी पलीकडे पोचेपर्यंत खालच्या ओढ्याशी बसलेल्या रॉयने त्याला आडवं केलं. रॉय तेव्हा त्याचा वर्गमित्र होता. पुढे त्याने मर्लच्या बहिणीशी, लव्हॉनशी लग्न केलं, आणि ते शिंगांचं डोकं त्यांच्या बैठकीत शेकोटीच्या वर लागलं. दर रविवारी आम्ही त्याच्याखाली बसून जेवायचो.

त्यामुळे मर्लची आवड तशी घडत गेली. त्याच्या कपाटात बहुतेक लिव्हरच्या रायफली. गोळी भरायचा हा लिव्हर खाली, चापापाशी असतो, त्याला डावं-उजवं नसतं. सगळ्या जुन्या, वापरलेल्या. नळीवरचा निळा रंग जिथे हात धरतात तिथे उडालेला, दस्त्यावर कुणाकुणाचे ओरखडे. दुकानात गेला की तो बंदूक आधी बघायचा नाही. डोळे मिटून खांद्याला लावायचा. मग डोळे उघडायचा. निशाणाची दोन्ही टोकं आपोआप एका रेषेत आली असली तर पुढे बोलणं, नाहीतर "थँक यू" म्हणून चालू लागायचा.

रॉयचं सगळं उलटं. गॅस सिलिंडरचा धंदा, हातात पैसा, स्वभाव मोकळा, हसणं गडगडाटी. त्याला बंदुका हव्यात त्या कोऱ्या. मूळ खोक्यात, चिठ्ठीसकट, एकही गोळी न झाडलेल्या. एका कारखान्याचा एक नमुना मिळाला की त्याची सगळी भावंडं गोळा झाल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. काचेचं कपाट, आत दिवे, आणि हात लावायला पांढरे सुती हातमोजे.

"अरे, ही बंदूक आहे की लोणच्याची बरणी?" मर्ल म्हणायचा. "फळीवर मांडून काय बघत बसतोस?"

"आणि तुझ्या बघ," रॉय म्हणायचा. "कुत्र्याने चघळल्यासारख्या! लेका, तुझ्या कपाटापाशी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन यावं लागतं."

दोघं हसायचे. इथवर सगळं ठीक होतं.

मग एबर्ले म्हातारे गेले.

ऑटो एबर्ले आमच्या गावचे बंदूक दुरुस्त करणारे. तेही डावखुरे. त्यांनी उमेदीच्या वयात स्वतःसाठी एकच रायफल बनवली होती. बोल्टची मूठ डावीकडे. चर्चमागचं अक्रोडाचं झाड वादळात पडलं, त्याच्या बुंध्याची फळी त्यांनी माळ्यावर वर्षानुवर्षं वाळवली आणि त्यातून दस्ता कोरला. गाल टेकायचा उंचवटा उजव्या अंगाला, म्हणजे डावखुऱ्याचा गाल जिथे येतो तिथे. लाकडात धुरासारख्या काळसर रेघा. मर्लने ती म्हाताऱ्यांच्या दुकानात एकदा हातात घेतली होती, आमच्या लग्नाच्या आधी. त्याबद्दल तो जसा बोलायचा तसा माझ्याबद्दल कुणाशी बोलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

म्हाताऱ्यांची मुलगी हेडविग बाहेरगावी असायची. ती दुकान आवरायला आली. मर्लने दफनाच्या वेळी तिचा हात हातात घेतला, पण रायफलीबद्दल तोंडातून ब्र काढला नाही.

"विचार की तिला," मी म्हणाले.

"आर्डिथ, माती अजून ओली आहे. थोडे दिवस जाऊ देत."

मर्लने थोडे दिवस जाऊ दिले. रॉयने नाही. तो लव्हॉनने केलेला ॲपल पाय घेऊन हेडविगकडे गेला, तिच्याबरोबर बसला, म्हाताऱ्यांच्या आठवणी काढल्या, मनापासून दोन टिपं गाळली, आणि येताना रायफल घेऊन आला. रविवारी जेवायला गेलो, तर ती कपाटात, मधोमध, दिव्याखाली.

मर्लने कोट काढायला हात वर नेला होता. तो तसाच राहिला.

"काय? बघ तरी!" रॉय लहान मुलासारखा नाचत होता. "अख्ख्या जिल्ह्यात अशी एकच. हातमोजे घाल आणि घे हातात."

"तू उजवा आहेस, रॉय."

"मग? मी थोडीच झाडणार आहे ती?"

"मला हवी होती ती."

रॉयचा चेहरा खरोखर पडला. त्याच्या मनात कपट नव्हतं. मर्लला नेमका याचाच जास्त राग आला. "अरे, मग बोलायचंस ना! तू कधी बोललाच नाहीस."

"म्हाताऱ्याला जाऊन आठवडा झाला नव्हता."

"म्हणून तर गेलो. हेडविगला कुणीतरी भेटायला नको?"

मर्ल जेवला. उकडलेला बटाटा असा चिरला की ताटलीवर सुरीचा ओरखडा उठला. घरी येताना गाडीत एकच वाक्य बोलला, "गाढवाला गुळाची चव काय."

त्यानंतर त्याची भूक, झोप, बोलणं, सगळं त्या रायफलीभोवती फिरू लागलं. रॉयकडे पाहुणे आले की रॉय ती बाहेर काढायचा, आणि उजवे लोक ती उजव्या खांद्याला लावून "अरे, हे काय उलटंच!" म्हणून हसायचे. मर्ल खुर्चीत बसून हे बघायचा. आपल्या बायकोला कुणी नाचवतंय असं त्याचं तोंड व्हायचं. मग काही रविवारी जायच्या वेळी त्याचं पोट दुखू लागलं. मग म्हणे लव्हॉन मीठ जास्त घालते.

एका शनिवारी तो हॅरिसबर्गच्या बंदुकांच्या बाजारात गेला आणि कारखान्यातून आलेली कोरी डावखुरी रायफल घेऊन आला. त्यासाठी आजोबांच्या मागे त्याच्याकडे आलेली लिव्हरची रायफल विकली होती. मला विचारलंही नव्हतं. नव्या रायफलीचा दस्ता काळ्या प्लॅस्टिकचा. पावसात फुगत नाही, थंडीत वाकत नाही.

"कशी आहे?" मी विचारलं.

"अचूक आहे."

"आवडली?"

"अचूक आहे म्हटलं ना."

ती त्याने कपाटात ठेवलीच नाही. दाराआड, छत्र्यांच्या शेजारी उभी केली. चार दिवसांनी तो आजोबांची रायफल परत घ्यायला त्या विक्रेत्याकडे गेला, तर ती ओहायोत कुणाकडे तरी गेली होती. तेव्हा मला माझ्या नवऱ्याची पहिल्यांदा भीती वाटली. हेव्यात माणूस दुसऱ्याचं घ्यायला जातो आणि आपलंच घालवून बसतो.

रॉय आणि लव्हॉन फेब्रुवारीत फ्लोरिडाला गेले की घराची किल्ली आमच्याकडे असायची. नळ गोठलेत का बघायचं, मांजराला खायला घालायचं. त्या वर्षी मांजराची चौकशी मर्ल फारच मन लावून करू लागला. एके दुपारी सूप निवत चाललं तरी तो येईना, म्हणून मी त्याला बोलवायला गेले. बर्फ पडून गेलेला, पावलांचा आवाज नव्हता. बैठकीच्या खिडकीतून आत दिसलं.

मर्ल गालिच्यावर पायात नुसते मोजे घालून उभा होता. बूट दाराशी नीट काढून ठेवलेले. एबर्लेंची रायफल त्याच्या डाव्या खांद्याला, गाल त्या लाकडाला टेकलेला, डोळे मिटलेले. ना निशाण धरलेलं, ना बोट चापावर. नुसता उभा. मांजर त्याच्या पायांत घोटाळत होतं. हातमोजे त्याने घातले नव्हते.

माझ्याकडे त्या चेहऱ्याने त्याने कधी बघितलं होतं का, हे मी आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. मी आल्या पावली परत फिरले. तो आला तेव्हा सूप पुन्हा गरम करून दिलं आणि रात्री त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. बिचाऱ्याला अजूनही कळलेलं नाही काय चुकलं ते.

पुढच्या उन्हाळ्यात रॉयचा उजवा डोळा गेला. सकाळी उठला तर त्या डोळ्यापुढे करडा पडदा. शिरेत गुठळी झाली होती. मोठ्या इस्पितळात नेलं, डॉक्टर म्हणाले, नजर परत यायची नाही. लव्हॉनचा फोन आला तेव्हा मर्ल स्वयंपाकघरातच उभा होता. रॉय म्हणतो आता शिकार संपली, कपाट विकून टाकतो, असं ती रडत सांगत होती. मी ते मर्लला सांगितलं.

"अरे देवा," मर्ल म्हणाला. खऱ्या दुःखाने म्हणाला. आणि त्याच दमात त्याच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. मी ते पाहिलं, आणि मी पाहिलं हेही त्याने पाहिलं.

"एक अक्षर बोलू नकोस, आर्डिथ."

"मी कुठे काय बोलले?"

तो रॉयला भेटायला गेला, त्याची गॅसची गाडी चालवली, त्याच्या अंगणातलं गवत कापलं. पण तो रोज दाढी करू लागला होता, आणि आपल्या कपाटातल्या रायफली सरकवून मधे जागा केली होती.

ऑगस्टमधल्या एका सकाळी रॉयची गाडी दाराशी लागली. लव्हॉन चालवत होती. रॉय चाचपडत उतरला, हातात लांब पेटी. मर्ल पायऱ्यांवर उभा. त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

आत येऊन रॉयने पेटी टेबलावर ठेवून उघडली. एबर्लेंची रायफल.

"मर्ल," तो म्हणाला, "विकायला काढलं होतं सगळं. मग रात्री पडल्या पडल्या सुचलं. डावा डोळा शाबूत आहे ना माझा. डाव्या खांद्यावरून झाडायचं म्हटलं, तर माझ्याकडे डावखुरी आहेच की! आता ही कपाटात ठेवण्यात काही अर्थ नाही." त्याने घसा साफ केला. "मला शिकव. तुझ्याशिवाय कोण शिकवणार?"

मर्ल मागच्या दाराने बाहेर गेला. कुऱ्हाडीचे आवाज येऊ लागले. रॉयने माझ्याकडे बघितलं, बिचारा एका डोळ्याने. "काय झालं गं? मी काही चुकीचं बोललो?"

"कॉफी घे," मी म्हणाले.

बरीच लाकडं फोडून झाल्यावर मर्ल घामेजून आत आला. रायफलीकडे न बघता म्हणाला, "उद्या सकाळी ये. आणि ते हातमोजे घेऊन आलास तर परत पाठवीन."

निशाणाची टोकं जुळवून घ्यायला आधी कुणीतरी ती झाडायला हवी होती. ते काम मर्लचंच. गिरणीमागच्या खाणीत त्याने ती खांद्याला लावली आणि तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही छिद्रं एकमेकांना चिकटलेली. मी तिथे होते. मर्लने बोल्ट मागे ओढला, काडतूस त्याच्या डावीकडे, दूर, छान उडून पडलं. तो बराच वेळ त्या काडतुसाकडे बघत राहिला. मग रायफल रॉयच्या हातात दिली. ती देताना त्याची बोटं एकेक करून सुटली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

नंतर त्याने रॉयला असं पिदडलं की विचारू नका.

"कोपर खाली! कोंबडी आहेस का तू, पंख पसरायला?"

"अरे, हा हात ऐकतच नाही माझं."

"आता कळलं? मी जन्मभर हेच करत आलोय, मेहुण्या. दर रविवारी ज्याच्याखाली जेवतो ना, ते शिंगांचं डोकं असल्याच उलट्या हातामुळे तुझ्या भिंतीवर गेलं."

रॉय थांबला. इतक्या वर्षांत हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. "ते काढू का भिंतीवरून?"

"राहू दे. कोपर खाली घे."

थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी शिकारीचा मोसम उघडला, तेव्हा दोघं एकत्र डोंगरात गेले. रॉयला पहिल्या वर्षी काही मिळालं नाही, दुसऱ्या वर्षी बऱ्यापैकी हरण मिळालं. गावच्या अग्निशमन दलाच्या जेवणात तो सगळ्यांना सांगत सुटला, "हा माझा गुरू!" मर्ल तोंडभर हसला आणि घरी येऊन म्हणाला, "हरण तसं लहानच होतं."

त्याच हिवाळ्यात त्याने दाराआडची प्लॅस्टिकची रायफल काढून स्वयंपाकघरात आणली आणि दस्ता सोडवला. गिरणीतून चेरीच्या लाकडाची एक फळी आणली. बंदुकीला चेरी फार मऊ, असं जो तो म्हणाला. मर्लने कुणाचं ऐकलं नाही. माझ्या ओट्यावर लाल भुस्सा, सूपमध्ये भुस्सा, उशीत भुस्सा. दोनदा लाकूड चुकलं. तिसऱ्यांदा जमलं, तेही थोडं ओबडधोबड. पकडीपाशी जाड, आणि एका जागी गाठ. पण गाल टेकायचा उंचवटा अगदी त्याच्या गालाच्या मापाचा.

रॉयने ती हातात घेतली. खांद्याला लावली, काढली, पुन्हा लावली. अंगठ्याने ती गाठ चाचपली. अशा वस्तूला खोकं नसतं, चिठ्ठी नसते, भावंडं नसतात.

"मर्ल, मला दे ही. काय हवं ते माग."

"नाही."

"बदल्यात कपाटातली कुठलीही घे." रॉय क्षणभर अडखळला. "कुठलीही."

माझ्या हातातलं भांडं धुवून झालं, पुसून झालं. कुठलीही म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही कळलं होतं.

"नाही," मर्ल म्हणाला. "तिचा गाल तुझ्या मापाचा नाही."

तेव्हापासून रॉय आमच्याकडे जास्त येऊ लागला. येतो, चेरीची रायफल हातात घेतो, उसासे टाकतो. आणि मर्लचा हेवा गेला म्हणाल, तर छे. रविवारी तिकडे जेवायला गेलो की अजूनही त्याची खुर्ची काचेच्या कपाटाकडे तोंड करून असते. मीही माझी खुर्ची हलवून त्याच्या अगदी समोर, कपाट झाकेल अशी लावते आणि म्हणते, "मर्ल, बटाटे दे."