एसी बघायचे पैसे

रत्नागिरीत बघणं फुकट असतं. बाजारात सुरमईचे कल्ले उघडून बघा, मासा नाकाशी नेऊन बघा, मग नाक मुरडून पुढच्या टोपलीकडे जा. कोळीण शिव्या देईल, पण बिल देणार नाही. कलमांचा मोहोर बघायला व्यापारी येतात, बागभर हिंडतात, झाडाखाली उभं राहून मान हलवतात आणि वर आमचंच सरबत पिऊन जातात. मला बघायला आलेल्या मंडळींनी तर पोहे दोनदा मागून घेतले होते.

म्हणून त्या गॅरेजची पाटी वाचली तेव्हा मला इतका आनंद झाला, की मी गाडी बंद करायचीच विसरले. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं :

एसी बघायचे पैसे पडतील
फुकट बघायला समुद्र आहे

माझ्या शेजारच्या सीटवर सासरे होते. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणतो. बाकी गाव गुरुजी म्हणतं, कारण अर्ध्या गावाला त्यांनी शुद्धलेखनासाठी बाकावर उभं केलेलं आहे. पाटी वाचून बाबा म्हणाले, "पैसे पडतील? कुठे पडतील? गटारात? आणि दोन्ही ओळींना पूर्णविराम नाही."

"तुम्ही उतरता का आधी?" मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर पिशवी होती आणि मानेवर ओला पंचा.

त्यांना गॅरेजमध्ये यायचं काहीच कारण नव्हतं. पण त्या हट्टाने आल्या होत्या, आणि का ते मला ठाऊक होतं. त्यांचा बाबांवर विश्वास नव्हता.

झालं होतं असं. सासूबाईंचं माहेर दापोलीजवळच्या मुरुडचं. त्यांची थोरली बहीण लग्नानंतरही त्याच गावात राहिली. या बहिणीचं, म्हणजे आमच्या मावशींचं, रविवारी सहस्रचंद्रदर्शन होतं. माहेरच्या माणसांत आता ह्या दोघीच उरलेल्या. फोनवर रोज बोलतात, पण दोघींनाही कमी ऐकू येतं, त्यामुळे ते बोलणं म्हणजे दोन स्वतंत्र भाषणं असतात. समोरासमोर भेटून कितीतरी वर्षं झाली होती. सासूबाईंनी नवीन लुगडं आणलं होतं, बहिणीसाठी फणसाची साठं, म्हणजे फणसपोळी, बांधून ठेवली होती. फक्त मे महिना होता, आणि मागच्या उन्हाळ्यात त्या एकदा चक्कर येऊन भर बाजारात बसल्या होत्या. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, "गाडीत एसी असेल तर जा, आजी. नाहीतर फोनवर आशीर्वाद घ्या." आणि नेमका त्याच आठवड्यात आमच्या गाडीचा एसी गरम फुंकर घालायला लागला.

नवरा लोट्याला कंपनीत, शिफ्टमध्ये अडकलेला. गाडी मी चालवणार होते. घरात सगळे हळहळले. बाबा मात्र एसी बिघडल्याचं ऐकून विलक्षण ताजेतवाने दिसू लागले. "काय करणार? योग नाही," असं म्हणून त्यांनी आंब्याची दुसरी फोड उचलली होती.

तर, गॅरेज. मालक पन्नाशीचा, पोट सुटलेला, डोक्यावर काळा चष्मा. बारा गावचं पाणी पिऊन आलेला माणूस : कुवेतमध्ये त्याने शेखांच्या गाड्या थंड केल्या होत्या आणि हे तो पहिल्याच वाक्यात सांगायचा. दुसऱ्या वाक्यात तो कोणत्याही गाडीला नावं ठेवायचा.

"वहिनी, ही गाडी नाय, भट्टी आहे. वाईच बघायला लागेल."

"बघायचं काय त्यात?" बाबा म्हणाले. "गॅस संपलाय. गॅस भर, आम्ही जातो."

"गुरुजी, भरतो की. तो वरनं भरायचा नि खालनं जाणार. तुमच्या खर्चाने मी मांडवीच्या किनाऱ्याची हवा गार करू?"

सासूबाई हसल्या. बाबा हसले नाहीत. मी म्हटलं, बघा. मी म्हटलं हे महत्त्वाचं, कारण पुढे बाबांनी त्याचा फार वापर केला.

त्याने दोघांना खुर्च्या दिल्या, भिंतीवरचा पंखा सासूबाईंच्या तोंडावर वळवला आणि गाडीचा पुढचा बंपर काढून फरशीवर ठेवला. बंपर काढलेली गाडी म्हणजे कवळी काढलेले आजोबा. मग त्याने दाब मोजायची घड्याळं लावली, नळ्यांत दाबाने हवा भरली, आणि पुढच्या बारीक नळ्यांच्या जाळीवर साबणाचं पाणी फवारलं. एका कोपऱ्यातून बुडबुडे यायला लागले. लहान, मोठे, इंद्रधनुष्यी. सासूबाई खुर्ची पुढे ओढून बघत होत्या. "अगो, किती छान," त्या म्हणाल्या.

"छान नाय, आजी. कंडेन्सर गेला," मालक म्हणाला. "खारा वारा. बाहेरनं गंज खातोय. हा बदलायचा, कोल्हापूरवरनं मागवतो, परवा संध्याकाळी गाडी घेऊन जा. रविवारी आत स्वेटर घालून बसा."

हे ऐकून सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मी मनातल्या मनात मुरुडला पोचले.

"नको," बाबा म्हणाले.

"नको म्हणजे?"

"आम्ही विचार करू. बंपर लावून दे."

मालकाने फडक्याला हात पुसले. "लावतो. बघायचे पाचशे."

आणि पडदा वर गेला.

बाबा खुर्चीवरून उठले. वर्गात फळ्याकडे जाताना उठायचे तसे, सावकाश. "कसले पाचशे? तू केलंस काय? एसी चालू झाला? नाही. गॅस भरलास? नाही. आमची धडधाकट गाडी तू उघडलीस, साबणाचे फुगे काढलेस, आणि घरी जा म्हणालास."

"घरी जा तुम्ही म्हणालात. मी परवा या म्हणालो."

"'बघा' असं ही म्हणाली, मी नाही. आणि बघण्याचे पैसे घेत नाहीत. डोळे देवाने दिलेत, त्याला काय तू गॅस भरतोस?"

"डोळे फुकट आहेत, गुरुजी. बंपरचे सोळा बोल्ट फुकट नायत. आणि काम केलंत तर बघायचे मी बिलातनं वजा करतो. बाहेर लिहिलंय."

"बाहेर लिहिलंय त्यात दोन पूर्णविराम कमी आहेत!"

"ते पण घाला बिलात, वजा करतो!"

मला तेव्हा गंभीर चेहरा ठेवायला हवा होता. ते मला जमलं नाही, म्हणून मी वाकून फरशीवरचा बंपर न्याहाळू लागले.

बाबांनी मासे काढले, आंब्याचा मोहोर काढला, माझं लग्न काढलं. "हिला बघायला गेलो तेव्हा आम्ही काही दिलं का हिच्या बापाला?"

"वहिनींचा बंपर काढला होता काय?" मालक म्हणाला, आणि लगेच माझ्याकडे वळून कान धरला. "माफ करा हां वहिनी, बोलण्याच्या भरात." मी उदार मनाने माफ केलं. अजूनही घरी ते वाक्य सांगते.

बाबांचा आवाज चढत होता. ते आता शेवटच्या टप्प्यावर आले होते, मी ओळखते तो टप्पा : पैसे फेकायचे नाहीत, गाडी ढकलत न्यायची, आणि ह्या जन्मात पुन्हा ह्या गॅरेजची पायरी चढायची नाही. म्हणजे कंडेन्सर नाही, म्हणजे रविवार नाही. सासूबाईंच्या हातातला पंचा घट्ट पिळला जात होता. शहरात दुसरी गॅरेजं होती, पण रविवारच्या आत कोणी हात लावणार नव्हतं. माझे सगळीकडे फोन करून झाले होते.

तेवढ्यात मालक एकदम खाली बसला. बंपरवरच बसला. आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "गुरुजी, तुम्ही आमच्या घरी आला होतात. आठवतंय? आमच्या आयेने बोलावलं होतं. पाणी बघायला."

बाबांनी वाकून त्याचा चेहरा नीट पाहिला.

इथे सांगायला हवं, की शाळा सुटल्यावर बाबांचा दुसरा व्यवसाय होता, आणि अजून आहे. ते पाणी बघतात. विहीर कुठे खणायची ते सांगतात. तळहातावर नारळ आडवा ठेवून जमिनीवर चालत जायचं. जिथे नारळ हातावर उभा राहील तिथे खाली पाणी. ह्यात किती शास्त्र आहे ते मला विचारू नका. मी नारळ उभा राहिलेला पाहिला आहे, आणि बाबांचा अंगठाही पाहिला आहे.

"मी तेव्हा शाळेत होतो," मालक म्हणाला. "तुम्ही नारळ घेऊन आमच्या परड्यात फिरलात. मग आयेने तुम्हाला विडा दिला, नारळ दिला, वर दक्षिणा दिली."

"पाणी लागलं होतं!" बाबा म्हणाले.

"लागलं की. झकास लागलं, अजून पितोय. पण तुम्ही कधी घेतलीत दक्षिणा? पाणी लागल्यावर? का बघितल्यावर?"

बाबांनी भिंतीवरच्या पंख्याकडे मान वळवली.

"बघितल्यावर," मालकानेच उत्तर दिलं. "आणि समजा, नसतं लागलं तर? दिली असतीत परत?"

त्या बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं. तो आपला सरळ मुद्दा मांडत होता. पण खुर्चीवर बसलेल्या सासूबाईंनी पंचा खांद्यावर टाकला, आणि मला कळलं की आता खरी नटी रंगमंचावर आली.

"मुरुडचे केलेत का परत?" त्यांनी विचारलं.

बाबा आणि मावशींचे यजमान, म्हणजे साडू साडू. त्या साडूंच्या आवारात बाबांनी ऐन उमेदीत पाणी बघितलं होतं. नारळ ताडकन उभा राहिला होता म्हणे. नारळ, विडा, दक्षिणा, सगळं रीतसर झालं. मग साडूंनी जांभा दगड फोडायला माणसं लावली. पंचवीस हात खणलं आणि खाली काळा कातळ लागला. पाण्याचा टिपूस नाही. साडू एका शब्दाने भांडले नाहीत. त्यांनी त्याहून वाईट केलं : खड्ड्याला छान कठडा बांधला, आणि तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी ते "आमच्या साडूंची विहीर" दाखवायला नेतात. रविवारी गावभरचे पाहुणे यायचे होते. बाबांना एसीचं दुःख का नव्हतं, ते आता तुमच्याही लक्षात आलं असेल.

"अहो, मी विचारते काहीतरी," सासूबाई म्हणाल्या. "बघायचे पैसे घेत नाहीत, असं तुम्ही आत्ता चार वेळा म्हणालात. मला पटलं. मग ताईच्या यजमानांचे तेवढे परत करून टाका. मी फोनवर सांगते तिला, रविवारी सगळ्यांदेखत देतील म्हणून. मी काही येत नाही, मला चक्कर येते. तुम्ही एस्टीने जा."

असा डाव मी आयुष्यात पाहिला नाही. दोन्हीकडून रस्ता बंद. बघणं फुकट म्हणावं, तर साडूपुढे भर मांडवात पाकीट काढायचं. बघण्याला मोल आहे म्हणावं, तर ते इथेच काढायचं.

बाबांनी गाडीच्या उघड्या जबड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, समोरच्या टपरीवरून एक नारळ आण. सोललेला नको. शेंडीचा."

मी धावत गेले आणि धावत आले. बाबांनी नारळ डाव्या हातात घेतला, त्यावर पाचशेची नोट ठेवली, आणि मालकापुढे दोन्ही हातांनी धरला. "बघण्याचे असे देतात," ते म्हणाले. "नुसते हातात कोंबत नाहीत. आणि हे बिलातून वजा करायचे नाहीत. बघणं वेगळं, काम वेगळं."

इतका वेळ तोंडाचा पट्टा चालवणारा तो माणूस एकदम बावरला. त्याने हात पुन्हा पुसले, डोक्यावरचा चष्मा काढला, नारळ घेतला आणि वाकून बाबांच्या पायाला हात लावला. मग सरळ होऊन म्हणाला, "मंग कंडेन्सर मागवू ना?"

"मागव. आणि पूर्णविराम घाल."

रविवारी आम्ही भल्या पहाटे निघालो. मध्ये दोन खाड्या, दोन फेरीबोटी. धोपाव्याला बोटीची वाट बघताना बाहेरच्या रांगेतली माणसं डोक्यावर वर्तमानपत्रं धरून उभी होती आणि सासूबाई आत शाल पांघरून फणसाच्या साठांवर हात ठेवून बसल्या होत्या. बाबा वाटभर काहीतरी पुटपुटत होते. उत्तरांची तयारी चालली असावी.

साडूंनी चहाच्या आधीच गाठलं. "चला, विहीर बघायला."

"चला," बाबा म्हणाले. "पण सांगून ठेवतो, मी बघायचे घेतले होते, लागायचे नव्हे." दोघं म्हातारे एकमेकांच्या दंडाला धरून मागच्या आवारात गेले, आणि जेवणाची पानं मांडली तरी त्यांचा वाद ऐकू येत होता. खड्ड्यात माती भरून साडूंनी केळी लावल्या होत्या आणि त्यांना घड धरले होते. ह्याचं श्रेय कोणाचं, एवढाच आता प्रश्न उरला होता.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. औक्षण झालं, घरात माणसांचा नुसता उकाडा झाला, मावशींना घाम फुटला. सासूबाईंनी बहिणीचा हात धरला, तिला अंगणात आणलं आणि गाडीत नेऊन बसवलं. मला म्हणाल्या, "चालू कर गो." मी इंजिन चालू केलं, एसी लावला आणि बाहेर आले. दोघींनी दारं ओढून घेतली.

काचेआड काहीच ऐकू येत नव्हतं. इतकंच दिसत होतं, की दोघींच्या मध्ये साठं उघडी पडली होती, मावशी सासूबाईंच्या नव्या लुगड्याचे काठ बोटांनी चाचपत होत्या, आणि दोघी एकाच वेळी बोलत होत्या. बाहेरचा गोंगाट नसल्यामुळे बहुतेक एकमेकींचं ऐकूही येत असावं, कारण मध्येच थांबून दोघी एकदम हसत. पाहुणे येऊन खिडकीतून वाकत होते, नमस्कार करत होते. आतून कोणी लक्ष देत नव्हतं. पेट्रोलचा काटा खाली चालला होता. मी अंगणातल्या माडाला टेकून उन्हात उभी राहिले.

बऱ्याच वेळाने काच चार बोटं खाली आली आणि मावशींचा हात बाहेर आला, मनगटापर्यंत हिरव्या बांगड्या.

"गो सूनबाई, दोन पेले कोकम सरबत इथंच पाठव. आणि काच लावते हां मी, गारवा जातो बाहेर."