आक्कांचा उपवास

लेखणी हाती धरण्याचा मला अधिकार नाही, हे मी जाणते. शालेय शिक्षण बरे झाले होते. पण नर्सिंग मी तिशी उलटल्यावर शिकले, आणि लिहिण्याचे धाडस तर आता, निवृत्तीनंतर करीत आहे. वाचकांनी क्षमा करावी. एका बाईंचे ऋण मनात आहे, ते न सांगता राहवत नाही.

स्वातंत्र्यापूर्वीची गोष्ट. बेळगावच्या आमच्या इस्पितळात त्या सकाळी निपाणीकडच्या एका जैन शेतकरी घरातील बाई वजनकाट्यावर उभ्या होत्या. सगळे त्यांना आक्का म्हणत. त्यांच्या स्तनात गाठ होती. डॉक्टर आपसांत तिला कॅन्सर म्हणत, रोग्यासमोर तो शब्द उच्चारत नसत. गाठ लवकर काढून टाकणे, एवढाच उपाय आमच्यापाशी होता.

काट्याचे वजन सरकवीत, आकडा मोठ्याने वाचून कंपाउंडर म्हणाला, "आक्का, तुमास्नी तंबाखूच्या वखारीतच जोखाय पायजे हुतं. आमचं ऑपरेशनचं टेबल मोडंल की वो!"

वॉर्ड हसला. आक्काही हसल्या.

शस्त्रक्रिया पुढच्या आठवड्यात ठरली. तोवर अंगात ताकद राहणे जरूर होते. क्लोरोफॉर्म म्हणजे हुंगवून गुंगी आणण्याचे औषध. ते अशक्त शरीराला झेपत नाही. आक्कांचे थोरले बंधू, अण्णा, आवारातल्या चुलीवर रांधून दिवस मावळायच्या आत डबा आणीत. परंतु दुसऱ्या दिवसापासून तो डबा जसाच्या तसा परत जाऊ लागला. "उपास हाय," एवढेच आक्का सांगत. गाळून उकळलेले पाणी घेत, तेही दिवसाच. त्यांच्या घरात उपवास धरलेल्याला कोणी अडवीत नाही. अण्णांनी तर व्रत समजून बहिणीला भक्तिभावाने हात जोडले.

परत जाणाऱ्या डब्याची डॉक्टरांना कल्पना नव्हती; राउंडवर नुसता काट्याचा आकडा पाहून ते म्हणाले, "वा आक्का! वजन उतरतंय. असंच चालू द्या."

घरचे समाधानी होते, आम्हीही समाधानी होतो.

पुढे एके दुपारी वेणी घालताना आक्कांना घेरी आली. नाडी फार क्षीण लागली. मी हळूच विचारले, "आक्का, हा कसला उपवास?"

"देवाचा न्हाय, बाई," त्या म्हणाल्या. "टेबल मोडंल म्हणला न्हवं त्यो? टेबलानं मला पेललं न्हाय तर माजी गाठ तशीच ऱ्हाईल. लेकीचं लगीन व्हायचंय अजून. डॉक्टरबी म्हणलं, असंच चालू द्या."

डॉक्टरांसमोर उभे राहून बोलण्याची मला सवय नव्हती. अडखळत सारे सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. पण ते म्हणाले, "सिस्टर, सांगितलंत हे फार बरं केलंत. आक्कांना थिएटरमध्ये आणा. कंपाउंडरलाही बोलवा."

आक्कांना खुर्चीवरून नेले. डॉक्टर बूट काढून स्वतः टेबलावर आडवे झाले. "चढा," ते कंपाउंडरला म्हणाले.

"मी, सायेब?"

"विनोद तुमचाच ना? चढा."

धोतर सावरीत तो डॉक्टरांच्या पायांशी चढून बसला. टेबल करकरलेसुद्धा नाही.

आक्का पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "अगं बाई! दोन गडी पेललं की!"

कंपाउंडर खाली उतरला आणि त्याने हात जोडले. "आक्का, माजी जीभ लई सैल. चुकलो."

"व्हय रं, चुकलास. आता मुगाचं कढण तूच आणायचं."

त्याने ते आणले, आणि आक्का अंगाने पुन्हा भरेपर्यंत रोज आणले. शस्त्रक्रिया थोडी लांबली. पण व्यवस्थित पार पडली. आक्का आपल्या पायांनी घरी गेल्या. लेकीच्या लग्नाचे आमंत्रण द्यायला अण्णा आले, तेव्हा त्यांनी गुळाची ढेप कंपाउंडरच्याच हाती ठेवली.

आक्का मनातले बोलल्या आणि डॉक्टरांनी ते ऐकून घेतले, याबद्दल मी दोघांचीही ऋणी आहे. त्यानंतर आमच्या वॉर्डात काट्यावरचे वजन मोठ्याने वाचणे बंद झाले. त्यासाठी काही खर्च आला नाही.

आपल्या घरी आजारी माणसाने जेवण टाकले, तर त्याला कोण काय बोलले, हे आपण कधी विचारता का?